गुलाबी पाणी

नेस्टर हावरिलकला भीती वाटते असं मंडेर गावात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. बावीस वर्षं अठरा चाकी ट्रक घेऊन उत्तरेला गेलेला माणूस तो. गोठलेल्या नद्यांवरून त्याने लोखंडी पाइप वाहिले होते, उणे पन्नासात रस्त्याच्या कडेला टायर बदलले होते. एकदा म्हणे त्याने नुसता हॉर्न वाजवून अस्वलाला जंगलात परत पाठवलं होतं. पेट्रोल पंपावर सकाळी म्हाताऱ्यांचं कॉफीचं टेबल भरायचं, तिथे या गोष्टी दर आठवड्याला नव्याने रंगायच्या. नेस्टर स्वतः कधी सांगायचा नाही. कपात चमचा फिरवत बसायचा. लोक म्हणायचे, बघा, एवढं करून किती साधा माणूस. साधेपणा कसला डोंबलाचा! पुढचा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून तो चमचा फिरायचा.

गेल्या सप्टेंबरात त्याच्या बायकोने, व्हर्नाने, त्याला न विचारता एक ट्रेलर विकत घेतला. पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चोवीस फुटी घर. आत पलंग, चूल, नळ, एवढंसं न्हाणीघर. अंगणात तो उभा करून ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जूनमध्ये निघायचं. युकॉन. डॉसन सिटीपर्यंत. चांगला महिनाभर."

"एवढ्या लांब?"

"लांब? कोण म्हणतंय बघा! बावीस वर्षं तू तिकडून फोन करायचास. आज इथे, उद्या तिथे, डोंगर असा, नदी तशी. मी पोरीला मांडीवर घेऊन ऐकायचे. आता सगळं दाखव मला."

याला नाही म्हणायचं तरी कसं?

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो पसरलाच. त्यानंतर दोघं जेवायची ती टेबलाच्या एका कोपऱ्यात, ताटं चिकटवून. व्हर्नाने वही केली. रोज तीनशे किलोमीटर, त्याहून जास्त नाही. पेट्रोल कुठे मिळेल, कुठे मिळणार नाही, फोन कुठे बंद पडेल. अस्वलासाठी तिखटाचे फवारे दोन, जादा टायर दोन, फ्रीजरमध्ये पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, दोनशे. वॉटसन लेकला प्रवासी आपापल्या गावाची पाटी खांबावर ठोकून येतात, तर हिने पत्र्याची पाटी आत्ताच रंगवून घेतली होती, 'नेस्टर आणि व्हर्ना, मंडेर, अल्बर्टा'. नकाशावर तिचं बोट वर वर सरकायचं आणि फोर्ट नेल्सनच्या पुढे आलं की नेस्टर खुर्ची मागे सरकवायचा.

"हा स्टीमबोट. घाट आहे ना इथे?"

"आहे."

"वरून छान दिसत असेल."

"दिसतं," नेस्टर म्हणाला आणि काहीतरी निमित्त काढून गॅरेजमध्ये गेला. तिथे उलट्या ठेवलेल्या बादलीवर तो बराच वेळ बसून राहिला.

त्या घाटात तेवीस वर्षांपूर्वी मार्च महिन्यात त्याच्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी झाले होते. मागे पाइपांचं ओझं, पुढे उतार, आणि उतारावर एक निळी मोटार. मोटारीच्या मागच्या काचेत लाल टोपीतली एक मुलगी गुडघ्यांवर उभी राहून त्याच्याकडेच बघत होती. रस्त्यावरची मुलं ट्रकवाल्याला करतात तशी तिने हाताची मूठ वर-खाली केली. म्हणजे, काका, हॉर्न वाजवा ना! नेस्टर तर केव्हाचा हॉर्न दाबूनच बसला होता. पोरीला वाटलं आपल्यासाठीच वाजवतोय. ती टाळ्या पिटून हसली. ट्रक जवळ येत गेला, तिचे पडलेले दात दिसायला लागले, आणि ती हसतच होती. अगदी शेवटी तिच्या बापाला आरशात धूर दिसला असावा. मोटार कडेच्या मोकळ्या जागेत घुसली आणि ट्रक हातभर अंतरावरून खाली गेला. पुढे चढावावर तो आपोआप थांबला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नेस्टर घरी आला, गुडघे गेले असं सांगून नोकरी सोडली, आणि पुढची सगळी वर्षं त्याने तालुक्याच्या सपाट रस्त्यांवर बर्फ काढायचं यंत्र चालवलं. घडलं काहीच नव्हतं, मग सांगायचं तरी काय? पण त्या दिवसापासून जरा मोठा उतार दिसला की त्याची पाचावर धारण बसायची.

ऑक्टोबरात ट्रेलर थंडीसाठी तयार करायचा दिवस आला. आमच्याकडे हे काम चुकवून चालत नाही. नळ्यांमध्ये पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि नळ्या फोडतं. म्हणून न गोठणारं गुलाबी औषध पंपाने नळ्यांत भरायचं आणि प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत सोडायचं. नेस्टर बाहेर पंपापाशी बसला. व्हर्ना आत एकेक नळ उघडत होती आणि गुलाबी आलं की ओरडत होती.

"गुलाबी! स्वयंपाकघर झालं!" आणि कागदावर बरोबरची खूण.

एवढ्यात घरात फोन वाजला. तिच्या बहिणीचा. "आलेच. न्हाणीघर राहिलंय हं," म्हणून ती गेली. बहिणीचा फोन म्हणजे अर्धा तास कुठे गेला नाही.

नेस्टर आत आला. न्हाणीघराचा नळ समोर होता. नुसता उघडायचा. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. नळ्या फुटल्या तर फरशी उचकटावी लागेल, भिंत खोलावी लागेल, गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे आधीच रांग. उन्हाळा त्यातच जाईल. कुणी कुणाला काही सांगायला नको. त्याने ओट्यावरची तिची पेन्सिल उचलली आणि 'न्हाणीघर'पुढे बरोबरची खूण केली. ती परत आली तेव्हा तो रिकामे कॅन गोळा करत होता.

"झालं सगळं?"

"यादी बघ ना."

तिने यादी पाहिली, घडी घातली आणि वहीत ठेवली.

जानेवारीत पारा उणे अडतीसवर गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फात बुडालेला ट्रेलर दिसायचा. आत आत्ता काय होत असेल हे नेस्टरला पक्कं ठाऊक होतं. त्याला सुटल्यासारखं वाटायचं आणि स्वतःची लाजही वाटायची, आणि समोर व्हर्ना वहीत लिहीत असायची की लियार्डच्या गरम कुंडात उतरायला जुने पोहायचे कपडे घ्यावेत.

एप्रिलअखेर बर्फ गेला. पहिल्या उबदार शनिवारी त्यांनी ट्रेलरला पाण्याची नळी जोडली. नेस्टरने तोटी सोडली आणि आतून व्हर्नाची किंकाळी आली. न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी धो धो फरशीवर येत होतं. त्याने तोटी बंद केली, आत गेला आणि ठरवून ठेवलेलं आश्चर्य चेहऱ्यावर आणलं.

"अरेच्चा! हे कसं झालं?"

त्याला वाटलं होतं ती चिडेल. आदळआपट करेल, दोन दिवस रुसेल, मग नकाशाची घडी घालेल. व्हर्ना चिडली नाही. ओल्या फरशीवर उभ्या उभ्या तिने वहीतून ती यादी काढली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"नेस्टर, इथे खूण आहे."

"हं."

"माझीच पेन्सिल. पण मी गुलाबी पाहिल्याचं मला आठवत नाही. मी फोनवर गेले होते... मग आले... मग?" तिने त्याच्याकडे पाहिलं. "मी न बघताच खूण केली? मला काहीच कसं आठवत नाही रे?"

तिची आई त्रेसष्टाव्या वर्षी अशीच सुरू झाली होती. आधी पिठात तीन-तीनदा मीठ, मग चर्चमध्ये दोनदा लावलेल्या त्याच मेणबत्त्या, मग स्वतःच्या मुलींना 'बाई, तुम्ही कोण' म्हणणं. व्हर्ना चौसष्टची होती.

नेस्टरने त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही, पण बाहेर आलं ते असं, "अगं, होतं असं कधी कधी."

यापेक्षा वाईट उत्तर जगात दुसरं नसेल.

त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. शेगडीवर चिठ्ठी, 'बंद केली का?' दाराला चिठ्ठी, औषधांच्या डबीला चिठ्ठी. किराणा आणायला तिने त्याला पाठवायला सुरुवात केली. भाषणं द्यावीत इतकी बोलणारी बाई, ती शब्द तोलून बोलायला लागली, चुकायला नको म्हणून. आणि जो माणूस स्वतःवर संशय घेऊन जगतो तो चुकतोच. चष्मा फ्रीजमध्ये सापडला. मुलीचा वाढदिवस तिने एक दिवस आधी धरला. प्रत्येक चुकीनंतर ती नेस्टरकडे बघायची आणि तो खाली बघायचा. व्हेग्रेव्हिलच्या डॉक्टरची सोमवारची वेळ तिने स्वतःच फोन करून घेतली. नकाशाची घडीही तिनेच घातली. "असलं डोकं घेऊन रानात कुठे जाऊ मी? तुला एकट्याला सांभाळता नाही येणार," ती म्हणाली. नेस्टरला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्याला घास गिळवत नव्हता.

डॉक्टरकडे जायच्या दोन दिवस आधी तो वहीत पेट्रोलची पावती शोधत होता. प्रवासाच्या पानांच्या मागच्या बाजू भरलेल्या होत्या. घड्याळं. गोल काढलेला, बारा आकडे, अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे. तिच्या आईला डॉक्टरने हेच काढायला सांगितलं होतं. फोर्ट नेल्सनच्या पानामागे सहा घड्याळं, लियार्डच्या पानामागे नऊ. काही ठिकाणी आकडे एका बाजूला दाटले होते आणि तिने जोरजोरात खोडलं होतं. व्हर्ना परीक्षेचा अभ्यास करत होती.

तो तसाच वही घेऊन स्वयंपाकघरात गेला. ती कोबीच्या पानांत भात भरत होती.

"व्हर्ना, ती खूण मी केली होती. नळ मी मुद्दामच उघडला नाही."

तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग ती हसली.

"किती चांगला आहेस रे तू."

"अगं, खरं सांगतोय मी!"

"माझे वडीलही असंच करायचे. आईने मीठ तीनदा घातलं की म्हणायचे, मीच घातलं ग, माझीच चूक. शेवटपर्यंत म्हणत राहिले. आईला कळायचं, नेस्टर. तिला त्याचंच जास्त वाईट वाटायचं."

"मी तुझ्या वडिलांसारखा नाही. मी ट्रेलर बिघडवला. जायला लागू नये म्हणून."

"का पण?"

"भीती वाटते म्हणून."

"कशाची?"

"उताराची. घाटाची."

व्हर्ना मोठ्याने हसली आणि हसता हसता रडायला लागली. "तू? घाटाला घाबरतोस? अरे, थाप मारायची तर जरा पटेल अशी तरी मार."

तेवीस वर्षं त्याने खोटं इतकं नेटकं सांभाळलं होतं की आता खऱ्याला कुणी उभं करत नव्हतं. त्याने निळ्या मोटारीची, लाल टोपीची गोष्ट सांगितली. ती मान हलवत ऐकत राहिली, आजारी माणसाची समजूत घालणाऱ्याचं ऐकावं तशी. त्याला कळून चुकलं की बोलून हे होणार नाही.

"हात धू," तो म्हणाला. "गाडीत बस."

त्याने ट्रेलर पिकअपला जोडला. साखळ्या अडकवताना दोनदा हातातून सुटल्या. चौकात गावाची खूण म्हणून उभारलेल्या अवाढव्य सॉसेजच्या पुतळ्यापासून ते उत्तरेला वळले. अँड्र्यू गावापर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना नुकती नांगरलेली शेतं. व्हर्ना खिडकीतून बाहेर बघत होती. अँड्र्यू मागे पडलं तसा नेस्टरने वेग कमी केला. पुढे रस्ता नदीकडे उतरतो. स्टीमबोटपुढे तो उतार म्हणजे अगदीच किरकोळ, पण गेली तेवीस वर्षं नदीपलीकडे जायचं झालं की तो चाळीस किलोमीटरचा वळसा घेत आला होता. तिकडचा रस्ता चांगला आहे म्हणायचा.

उताराची पिवळी पाटी दिसली. मागे तीन टन वजन आहे हे त्याला पाठीच्या मणक्यात जाणवलं. पुढे रस्ता तुटल्यासारखा संपत होता आणि पलीकडे नुसतं आभाळ. जा, तो स्वतःला म्हणाला, एकदाच जा. पाय ऐकेना. पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. गाडी भर रस्त्यात उताराच्या तोंडाशी उभी.

"नेस्टर? काय झालं?"

मागून आलेल्या कुणीतरी हॉर्न दाबला. लांब, न थांबणारा हॉर्न. त्याबरोबर नेस्टरच्या तोंडून असा आवाज निघाला जो व्हर्नाने पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. मागची गाडी वळसा घालून, हातवारे करत निघून गेली. नेस्टरचे दात वाजत होते. मे महिन्याच्या गार हवेत त्याचा सदरा छातीपासून पोटापर्यंत भिजला होता. व्हर्नाने आधी धोक्याचे दिवे लावले, गाडीचा हातब्रेक ओढला, मग त्याच्या हाताला हात लावला. बोटं स्टिअरिंगच्या चाकावरून सुटत नव्हती. तिने ती एकेक करून सोडवली. असलं सोंग कुणाला आणता येत नाही, हे तिला त्याच्या तिसऱ्या बोटापर्यंत कळलं.

"म्हणजे खरं आहे," ती हळूच म्हणाली.

त्याने मान हलवली.

"खूण तू केलीस."

"हो."

"माझं डोकं ठीक आहे?"

"तुझं डोकं ठीक आहे, व्हर्ना. तेवढं एकच ठीक आहे आपल्या घरात."

ती मागे टेकली आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन श्वास घ्यायला लागली, पाण्यातून वर आल्यासारखी. नेस्टरला वाटलं, संपलं, सुटलो. मग तिने हात खाली घेतले.

"एकोणीस दिवस," ती म्हणाली. "एकोणीस दिवस मी घड्याळं काढत होते आणि तू समोर बसून सूप पीत होतास. पोरीला पत्र लिहून ठेवलंय मी, मला कुठल्या वृद्धाश्रमात ठेवायचं त्याचं. तू मला भेटायला कुठल्या वारी यायचं तेही लिहिलंय त्यात. उतर खाली."

"व्हर्ना..."

"उतर!"

तो उतरला. ती सरकून चाकामागे बसली. चौदाव्या वर्षापासून बापाच्या शेतावर धान्याचा ट्रक हाकणारी बाई होती ती. लग्नानंतर घरात एवढा मोठा ट्रकवाला असताना तिला कुणी चाक दिलं नव्हतं, इतकंच. तिने आरसे आपल्या मापाचे केले.

"मी पुलापर्यंत जाते. यायचं तर ये. नाहीतर इथेच उभा राहा."

नेस्टर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. गाडी हळूच पुढे सरकली, चोवीस फुटी ट्रेलर त्याच्यासमोरून जायला लागला, आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी भीती वाटली. ती एकटी त्या उतारावर. ब्रेक तापले तर तिला कोण सांगणार? तो धावला. उणेपुरे सत्तर वर्षांचे गुडघे, ज्यांच्या नावावर त्याने नोकरी सोडली होती, ते खरंच दुखत होते. तिने आरशात पाहिलं आणि गाडी थांबवली. तो आत चढला.

"खालचा गिअर टाक," तो धापा टाकत म्हणाला. "ब्रेकवर पाय ठेवून राहू नकोस. दाबायचा, सोडायचा."

"ठाऊक आहे मला. तुला भीती वाटतेय?"

"हो."

"मोठ्याने सांग."

"भीती वाटतेय!"

"मलापण," व्हर्ना म्हणाली आणि गाडी उतारावर घातली.

सगळा उतार तो दाराची कडी धरून बसला होता. डोळे मिटावेसे वाटत होते, पण ब्रेकचा वास येतो का ते कुणीतरी बघायला हवं होतं. वास आला नाही. खाली पुलाअलीकडे तिने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. नदीत शेवटचे बर्फाचे तुकडे वाहत होते. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचंच," ती म्हणाली. "नाव फक्त तुझं सांगायचं."

"मी काय सांगू त्याला?"

"मला तेवीस वर्षं जे सांगितलं नाहीस ते."

मग त्याने विचारलं, "आणि जून?"

"फुटलेली नळी तू बदलायचीस. स्वतःच्या हाताने. फरशीसुद्धा." तिने नाक पुसलं. "उतार सगळे माझे. स्टीमबोटसुद्धा. तू शेजारी बसून वास घेत राहायचं. आणि कुण्या पोराने मूठ हलवली, तर हॉर्न वाजवायचा. तू."

नेस्टरने मान हलवली.

"घरी जायचा रस्ता चढाचा आहे," ती म्हणाली. "चढाची भीती वाटते?"

"नाही."

तिने किल्ली काढली. त्याच्या हातात दिली नाही, दोघांच्या मध्ये सीटवर ठेवली, आणि दार उघडून पलीकडे बसायला निघाली.